एकट्याने डेल्टा ब्लूज वाजवताना पोकळ का वाटतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवण्यात तुमची काही वर्षं गेली. आता साधी अकूस्टिक घेऊन एकट्याने डेल्टा ब्लूज गायचंय. महिन्याभराने नाशिकच्या एका कॅफेत पाऊण तासाचा कार्यक्रम ठरलाय. पण घरी रेकॉर्ड करून ऐकलं की बेस आणि ड्रमशिवाय सगळं पोकळ वाटतं. लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) घेऊ का, रेझोनेटर गिटार (आतल्या धातूच्या तबकडीने आवाज मोठा करणारी) घेऊ का, आणि आपण मराठी माणसांनी ही गाणी कोणत्या उच्चारात म्हणावी, असं तुम्ही विचारलंय.

मी मेम्फिसला राहतो. इथून हायवे ६१ धरून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात डेल्टा लागतो: मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधली सपाट, गाळाची, कापसाची जमीन. तिथल्या काळ्या मजुरांचं संगीत म्हणजे डेल्टा ब्लूज. बार, लायब्ररी, चर्चचे हॉल, शेतकरी बाजार अशा ठिकाणी मी बरीच वर्षं एकटाच वाजवत आलोय. खाली लिहितोय ते त्या अनुभवावरून. दुसरा कोणी वाजवणारा काही गोष्टी वेगळ्या सांगेल, आणि त्याचंही बरोबर असू शकेल.

तुम्ही जोडलेलं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. बोटं चांगली आहेत, आवाजही आहे. अडचण अशी दिसते की तुम्ही गाताना गिटार सतत भरगच्च वाजते, आणि ओळ संपली की आवाज आणि गिटार दोन्ही एकदम थांबतात. तुम्हाला जी पोकळी जाणवते ती नेमकी तिथे आहे. बँडमध्ये ती जागा ड्रमवाला भरत होता, म्हणून तुम्हाला ती कधी दिसली नाही.

बारा बारच्या ब्लूजमध्ये तीन ओळी असतात. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार, म्हणजे चार-चार मात्रांची चार आवर्तनं. त्यातले साधारण पहिले दोन गाणाऱ्याचे आणि पुढचे दोन गिटारचे. म्हणजे जवळजवळ अर्धं गाणं गिटारने बोलायचं असतं, तेही गाणारा गप्प असताना. सन हाउस किंवा चार्ली पॅटन हे डेल्टाचे जुने गायक-वादक ऐकताना यावर कान ठेवा. आवाज ओळ म्हणतो, कधी तर शेवटचा शब्द गिळून टाकतो, आणि तो राहिलेला शब्द स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर घसरवायची नळी, पूर्ण करते. आवाज सुरू असताना गिटारकडे फारसं काही नसतं, फक्त अंगठा चालू असतो.

आता अंगठ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या संगीताचा सगळा भार त्याच्यावर आहे.

मिसिसिपी जॉन हर्टसारखे वादक अंगठ्याने दोन-तीन जाड तारा आलटून पालटून वाजवतात. तो ठेका हलका, डुलणारा असतो. हर्ट डेल्टाच्या कडेला, टेकड्यांच्या बाजूच्या अॅव्हलॉनचा. डेल्टाच्या आतल्या वादकांचा अंगठा बहुतेक वेळा एकाच जाड तारेवर ठोके देत राहतो. तळहाताची कड घोडीजवळ तारेवर अलगद टेकवा, म्हणजे स्वर घुमत न राहता थडथड असा दबलेला येईल. कड घोडीपासून अर्ध्या सेंटिमीटरने पुढे सरकली तर स्वर मरतो, मागे गेली तर तार मोकळी घुमते. ही जागा प्रत्येक गिटारवर वेगळी असते आणि हातानेच शोधावी लागते. ती सापडली की तुमच्याकडे बेसही आला आणि ड्रमही.

पुढचा आठवडाभर असं करा. डाव्या हाताने काहीही धरू नका. गिटार ओपन ट्युनिंगमध्ये लावा, म्हणजे काही न दाबता तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजेल, आणि फक्त अंगठा चालवा. घरातल्या कोणाला तरी समोर बसवून प्रश्न विचारायला सांगा: पत्ता काय, उद्या भाजी कोणती आणायची, मावशीचा फोन आला होता का. बोलताना अंगठा अडखळता कामा नये. तेवढं जमलं की त्याच अंगठ्यावर गाणं म्हणा, तेव्हाही इतर बोटं वापरू नका. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांचा हात आणि गळा जसे एकमेकांना अडवत नसत, तसं इथे व्हायला हवं. त्यानंतरच ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागेत दोन-तीन स्वर घाला. तुमच्या सध्याच्या वाजवण्यापेक्षा त्यात कितीतरी कमी स्वर असतील, आणि रेकॉर्डिंग ऐकाल तेव्हा ते भरलेलं वाटेल.

याची खात्री पटवायला एक उदाहरण देतो. सन हाउसने १९३० मध्ये विस्कॉन्सिनच्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, १९४१-४२ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याला ध्वनिमुद्रित केलं, आणि मग तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला निघून गेला. १९६४ मध्ये काही तरुण चाहते त्याला शोधत तिथे पोचले, तेव्हा त्याचं गिटार वाजवणं कधीच सुटलेलं होतं. त्याची जुनी गाणी त्याला पुन्हा बसवायला अॅल विल्सन या तरुण वादकाने मदत केली. पुढे १९६५ मध्ये कोलंबियासाठी त्याने जो अल्बम केला, त्यातल्या दोन गाण्यांत गिटार नाहीच. एक म्हातारा आवाज आणि टाळ्या, बस. ती दोन गाणी हेडफोन लावून ऐका आणि कुठे पोकळी जाणवते का ते बघा. मला आजवर जाणवलेली नाही. लय अंगात पक्की असेल तर दोन टाळ्यांच्या मधली शांतता गाण्याचाच भाग होते.

आता लूपर. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यामागे परंपरा पाळण्याचा हट्ट नाही. लूपर एकदा सुरू केला की बारांची संख्या बांधली जाते. जुने डेल्टावाले बारा बार मोजत नव्हते. एखाद्या ओळीला साडेचार बार जातात, कुठे दोन मात्रा जास्तीच्या येतात, स्लाइडला अजून काही बोलायचं असेल तर कॉर्ड थांबून राहते. एकट्या माणसाला मिळणारी सगळ्यात मोठी सवलत हीच आहे. कोणाला इशारा करायचा नाही, कोणासाठी थांबायचं नाही. समोरचा श्रोता ओळ ऐकून हसला तर ती ओळ पुन्हा म्हणायची. लूपर ही सवलत काढून घेतो आणि बदल्यात एक यांत्रिक साथीदार देतो, जो तुमच्याकडे कधी बघत नाही. बँडची सवय असलेल्या माणसाला बांधलेले बार सुरक्षित वाटतात हे मला समजतं. पण ती सवय आत्ताच सोडलेली बरी. त्याच पैशात सागवानी किंवा कुठल्याही कडक लाकडाची हातभर फळी घ्या, तिच्यावर बुटाची टाच मारा, आणि शक्य असेल तर फळीजवळ एक स्वस्त माइक ठेवा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "एकटा ब्लूजवाला" हे चित्र अर्धंच खरं आहे. पॅटन आणि हाउस दोघांबरोबरही विली ब्राउन दुसरी गिटार वाजवत असे. १९३० मध्ये ग्राफ्टनला हे तिघं आणि पियानो वाजवणारी लुईस जॉन्सन अशी मंडळी एकत्रच गेली होती. तेव्हा उद्या एखादा समजूतदार सोबती मिळाला तर अवश्य घ्या. एकट्याने वाजवायला शिकलेला माणूस दोघांतही छान वाजवतो. उलटं मात्र क्वचितच घडतं.

एकटेपण भरून काढायच्या पॅटनच्या युक्त्याही शिकण्यासारख्या आहेत. तो गिटारच्या अंगावर थापा मारायचा, आणि गाता गाता मध्येच दुसऱ्या आवाजात स्वतःलाच काहीतरी बोलायचा, जणू खोलीत आणखी कोणी आहे. डॉकरीसारख्या मळ्यांवर शनिवारी रात्री लोक नाचायला जमत. रेकॉर्डवर तीन मिनिटांत संपणारं गाणं तिथे कितीही लांबत असे. हे संगीत आधी नाचाचं आहे, दुःख त्याच्या पोटात आहे. तुमच्या रेकॉर्डिंगमधली लय फार उदास, फार संथ आहे. थोडी वाढवा.

ट्युनिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी महिन्याभरात कार्यक्रम आहे म्हणून सांगतो: दोनच ठेवा. ओपन डी म्हणजे सहाव्या तारेपासून डी, ए, डी, एफ-शार्प, ए, डी. ओपन जी म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी. जुने वादक पहिल्याला व्हेस्टापोल आणि दुसऱ्याला स्पॅनिश म्हणत. दोन्हींमध्ये तारा उतरवूनच लावायच्या आहेत, त्यामुळे तारा तुटायची भीती नाही. वरची पट्टी हवी असेल तर कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चाप) लावा. एक फरक लक्षात ठेवा. ओपन डीमध्ये षड्ज सहाव्या तारेवर आहे, ओपन जीमध्ये पाचव्या. अंगठ्याला हे वेगळं शिकवावं लागतं, नाहीतर जीमध्ये तो सवयीने सहाव्या तारेवर जातो आणि गाणं लंगडतं.

तिसरं एक ट्युनिंग आहे ज्याच्या मोहात या महिन्यात पडू नका: ओपन डी, पण तिसरी तार आणखी अर्ध्या स्वराने खाली, एफवर. स्किप जेम्स या जुन्या वादकाचं हे. त्याचं गाव बेंटोनिया, डेल्टा संपून टेकड्या सुरू होतात तिथलं. त्या गावात हे वाजवणं अजून जिवंत आहे. जिमी 'डक' होम्स यांच्या आईवडिलांनी १९४८ मध्ये ब्लू फ्रंट कॅफे उघडला, तो १९७० पासून ते स्वतः चालवतात. गावातले जुने वादक हेन्री स्टकी आणि जॅक ओवेन्स यांच्याकडून ते शिकले. २०१९ च्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. एका माणसाने एका गिटारवर आयुष्यभर हेच केलं तर ते कुठवर जातं, हे ऐकायचं असेल तर त्यांना ऐका. कॉर्ड फारशा बदलत नाहीत, खर्ज धरलेला असतो, आणि तरी ऐकणारा जागचा हलत नाही.

स्लाइडच्या बाबतीत मराठी कानाला एक फायदा आहे. ब्लूजमधला गंधार पियानोवर सापडत नाही. तो कोमल गंधाराच्या वर आणि शुद्धाच्या खाली असतो, आणि एका जागी उभा राहत नाही. ओपन डीमध्ये पहिल्या तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या मध्ये तो राहतो. तिसऱ्यावरून हळूच वर सरका, चौथ्याला पोचू नका. तुम्ही मींड ऐकत वाढला असाल तर हे गिटारच्या पुस्तकापेक्षा लवकर जमेल. उरलेले स्वर मात्र नेमके लागले पाहिजेत. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, बोटाने दाबताना आपण मागे दाबतो तशी मागे नको. ती करंगळीत घाला म्हणजे बाकी बोटं मोकळी राहतात, आणि स्लाइडच्या मागे एक बोट तारांवर हलकं टेकवून ठेवा, नाहीतर मागचा भाग कुरकुरतो. रेकॉर्डिंगमध्ये तुमची स्लाइड सारखी थरथरते आहे. थरथर ओळीच्या शेवटच्या स्वराला ठेवा.

उच्चाराचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या स्वतःच्या इंग्रजीत गा. मिसिसिपीच्या काळ्या शेतमजुराचा उच्चार नाशिकमध्ये बसून उसना आणला तर तो नक्कल होतो, आणि या लोकांची नक्कल करून पैसे मिळवण्याचा इतिहास अमेरिकेत फार घाण आहे. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून हेच केलं. तुमचा "आर" मराठी असेल तर असू द्या. शब्द स्पष्ट म्हणा, म्हणजे श्रोत्याला गोष्ट कळेल.

उच्चारापेक्षा जास्त मेहनत गोष्ट समजून घेण्यावर करा. तुमच्या यादीत १९२७ च्या पुरावरचं पॅटनचं गाणं आहे. ते गाण्याआधी तिथे काय झालं ते वाचा. २१ एप्रिल १९२७ ला ग्रीनव्हिलच्या वर माउंड्स लँडिंगजवळ मिसिसिपीचा बांध फुटला आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. हजारो काळी कुटुंबं ग्रीनव्हिलला बांधाच्या अरुंद माथ्यावर अडकली. त्यांना बोटीने बाहेर काढलं तर मजूर परत येणार नाहीत, या भीतीने मळेवाल्यांनी त्यांना तिथेच ठेवायला लावलं, आणि बंदुकांच्या पहाऱ्यात बांधावर राबवलं. पॅटनच्या गाण्यात माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बघतो आणि प्रत्येक ठिकाणी पाणी आधीच पोचलेलं असतं. हे माहीत असेल तर ती ओळ तुमच्या तोंडून वेगळी निघेल. नाशिककरांना गोदेचा पूर माहीत आहे, पाणी चढतंय म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. बांधावरच्या माणसांचं तेवढं दोन वाक्यांत सांगा आणि सुरू करा.

रॉबर्ट जॉन्सनची गाणी घेतलीत तर चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कथा मात्र सांगू नका. ती आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच वादकाबद्दल त्याचा भाऊ सांगत असे. रॉबर्टने गाव सोडून दुसऱ्या एका वादकाजवळ राहून रियाझ केला आणि तयार होऊन परतला. एवढ्या मेहनतीचं श्रेय सैतानाला देणं मला पटत नाही. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, १९३८ मध्ये ग्रीनवुडजवळ तो वारला, वय २७. सांगायला एवढं पुरेसं आहे.

मराठीत ब्लूज लिहावा का, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. जरूर लिहा, पण या कार्यक्रमासाठी घाई नको. माझा अनुभव असा की मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने यमक फार सहज जुळतं, आणि तीन कडव्यांत सगळं "जातो, येतो, होतो" होऊन बसतं. ओळीच्या शेवटी नाम आणा. आणि ओळ आखूड ठेवा, गिटारला दोन बार उरले पाहिजेत.

आता रेझोनेटर. नॅशनल कंपनीच्या धातूच्या गिटारी १९२७ च्या सुमारास आल्या, त्या वाद्यवृंदात आणि गोंगाटात गिटार ऐकू यावी म्हणून. वीज आणि अॅम्प्लिफायर घरोघरी नव्हते तेव्हा तो उपाय होता. पुढे सन हाउस, बुक्का व्हाइट यांच्यामुळे तो आवाज डेल्टाशी जोडला गेला. पण जुन्या रेकॉर्डिंगमधला मोठा भाग साध्या, स्वस्त लाकडी गिटारवरचा आहे. तुमची अकूस्टिक चालेल. तिला जाड तारा लावा, तेराच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची), कारण उतरवलेल्या ट्युनिंगमध्ये बारीक तारा लोंबतात आणि स्लाइड फ्रेटवर आपटते. दुरुस्तीवाल्याकडून तारांची उंची थोडी वाढवून घ्या. पैसे साठलेच असतील तर याच पद्धतीने लावलेली दुसरी लाकडी गिटार घ्या, एक डीमध्ये, एक जीमध्ये. कार्यक्रमात रेझोनेटरपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

दुसरी गिटार नसेल तर गाण्यांचा क्रम ट्युनिंगप्रमाणे लावा: आधी डीमधली पाच, मग एकदाच बदल, मग जीमधली पाच. तार लावताना हव्या त्या स्वराच्या खाली उतरवून मग वर चढवा, म्हणजे ती ढिली पडत नाही. डीवरून जीवर येताना पाचवी तार खाली, तिसरी आणि दुसरी वर. सहावी, चौथी आणि पहिली तशाच. पुराची ती दोन वाक्यं याच वेळात सांगता येतील.

बाकी बरंच त्या कॅफेवर अवलंबून आहे. लोक जेवत, बोलत असतील तर गाणी आखूड ठेवा आणि टाच जोरात मारा. लोक ऐकायला आले असतील तर गिटारमध्ये बसवलेल्या पिकअपपेक्षा एक माइक गिटारसमोर आणि एक तोंडासमोर बरा, आणि मग एखादं गाणं टाळ्यांवर म्हणून बघा. हे तिथे जाऊन, कॉफी पीत तासभर बसून ठरवा.

आठवड्याने नुसत्या अंगठ्यावर म्हटलेलं एक गाणं रेकॉर्ड करून इथे टाका. ट्युनिंग कोणतं आणि कापो कितव्या फ्रेटवर तेही लिहा. ऐकून सांगतो.